गुंतवून ठेवलेलीं मुलें

मे महिना जवळ आला कीं, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून एका विशिष्ट जातीचा लेख उगवतो. वळीव एखादे वर्षीं चुकेल, पण हा लेख चुकावयाचा नाहीं. 'मोटारीच्या लांबच्या प्रवासांत मुलांना कसें गुंतवून ठेवाल?' असा त्याचा मथळा असतो आणि खालीं दहा-बारा उपाय क्रमवार दिलेले असतात. यंदाहि असा एक लेख वाचनांत आला. लेखिकेचा हेतु निर्मळ आहे, भाषा सोज्ज्वळ आहे, आणि उपायांपैकीं तीन-चार तर खरोखरीच निरुपद्रवी आहेत. माझें भांडण उपायांशीं नंतर. आधीं तें मथळ्यांतील क्रियापदाशीं आहे.

गुंतवून ठेवणें! मराठींत दोरा गुंततो, पतंग तारेंत गुंततो, पैसा गुंततो. जी वस्तु मोकळी राहिली तर हातची जाईल किंवा उपद्रव देईल, ती आपण गुंतवून ठेवतों. मुलाविषयीं हें क्रियापद आमच्या तोंडीं इतकें बसून गेलें आहे कीं, त्यांत खटकण्यासारखें कांहीं आहे असें आतां कोणास वाटतहि नाहीं. पूर्वीं आपल्याकडे मूल रमत असे. त्याला करमत असे, अगर करमत नसे. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं साप्ताहिक काढलें तेव्हां त्यास 'करमणूक' हें नांव दिलें. त्या शब्दांतहि वाचकाला कोठें जखडून ठेवण्याचा भाव नव्हता. रमणें ही मुलाची क्रिया आहे, गुंतवणें ही आमची. पहिलींत मूल कर्ता असतें, दुसरींत तें कर्म होतें. हा व्याकरणाचा कीस आहे असें कोणी म्हणेल. पण मोटारीच्या मागच्या आसनावर हा फरक डोळ्यांनीं पाहावयास मिळतो.

गेल्या मे महिन्यांत आम्ही पुण्याहून कोल्हापुरास गेलों. मोटार पुतण्याची, पुढें तो व मी, मागें त्याची पत्नी आणि दोन मुलें. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पांच वर्षांचा. कात्रजचा बोगदा येण्यापूर्वींच दोघांच्या हातीं एकेक टॅब्लेट आला व कानांवर बोंडें चढलीं. खेड-शिवापूरचा टोलनाका गेला, नीरेचा पूल गेला, तो कोणीं पाहिला नाहीं, शिरवळ गेलें. मागून चकार शब्द नाहीं. पुतण्या अभिमानानें म्हणाला, "पाहिलंत काका, कशी शहाण्यासारखी बसलीत?" मीं मान वळवून पाहिलें. शहाणपणाचें लक्षण मला तरी कांहीं आढळलें नाहीं. निळसर उजेड पडलेले दोन चेहरे मात्र आढळले. खंबाटकीच्या घाटांत दुसऱ्या कीं तिसऱ्या वळणावर त्या पांच वर्षांच्या शहाण्यास गाडी लागली, आणि पुढचा पाऊण तास आसन धुण्यांत व कपडे बदलण्यांत गेला.

हें व्हावयाचेंच होतें. कानाच्या अंतर्भागांत शरीराचा तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे तें मेंदूस कळवीत असतें कीं, आपण वळत आहों, चढत आहों, हेलकावे खात आहों. आणि वीतभर अंतरावरील पडद्यावर खिळलेले डोळे कळवीत असतात कीं, आपण स्वस्थ बसलों आहों. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलूं लागले म्हणजे न्यायाधीशाची जी अवस्था होते ती मेंदूची होते, आणि तिची झळ पोटास पोंचते. दोनपासून बारापर्यंतच्या वयांत हा त्रास विशेष असतो. म्हणूनच अशा मुलांनीं गाडींत वाचूं नये, जवळचें पाहूं नये, दूर क्षितिजाकडे पाहावें, असें डॉक्टर सांगतात. आमच्या आज्या हातांत लिंबू देत, तोंडांत आवळासुपारी घालीत आणि 'बाहेर बघ' म्हणून सांगत. लिंबाविषयीं माझा आग्रह नाहीं. पण 'बाहेर बघ' हें पूर्णपणें शास्त्रशुद्ध होतें.

आतां प्रतिपक्षाला जें देणें आहे तें आधीं देऊन टाकतों. आजच्या मुलाचा प्रवास आमच्या प्रवासाहून कठीण आहे. एस. टी.त आम्ही आसनांमधून हिंडत असूं, कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीकडे टक लावून उभे राहत असूं, स्टँडवर उतरून नळाचें पाणी पीत असूं. आजच्या मुलाला पट्ट्यानें बांधून बसवावें लागतें. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यावांचून अगर बालआसनावांचून नेणाऱ्या चालकास १००० रुपये दंड आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. (सनरूफ उघडून मुलाचें अर्धें धड वाऱ्यावर सोडणारे आणि त्यास हौस म्हणणारे जे पालक याच रस्त्यावर दिसतात, त्यांच्याशीं वाद घालण्याचें हें मासिक स्थळ नव्हे, तें काम पोलिसांचें आहे.) पांच तास मुलानें जागचें हलावयाचें नाहीं, ही शिक्षा लहान नाहीं. पण म्हणूनच मी विचारतों: शरीर बांधलें तें त्याच्या जिवासाठीं, डोळे बांधतों ते कोणाच्या जिवासाठीं? मोकळें राहिलेलें त्याचें एकच इंद्रिय तें, आणि नेमकें तेंच आपण गुंतवून ठेवतों.

दुसरेंहि एक मान्य केलें पाहिजे. 'आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं, आम्ही खिडकीशीं बसून सृष्टिसौंदर्य पाहत असूं' असें सांगणाऱ्या माझ्या समवयस्कांचा मला मनापासून वीट आला आहे. आम्ही सृष्टिसौंदर्य पाहत नसूं. आम्ही खिडकीसाठीं भावंडांशीं मारामारी करीत असूं, दर थांब्यावर 'किती राहिलं' म्हणून वडिलांचें डोकें खात असूं, ओकत असूं आणि झोपत असूं. आम्हांला पडदा मिळाला नाहीं याचें कारण आमचें शील नव्हे. तो तेव्हां निघाला नव्हता. निघाला असता तर आमच्या वडिलांनीं आनंदानें घेऊन दिला असता. हें मी अनुमानानें म्हणत नाहीं. माझा मुलगा सात वर्षांचा असतांना मीच त्याला विटा रचण्याचा, बटणांचा, हातांत मावणारा खेळ घेऊन दिला होता. आमचें मूळ गांव कागलच्या बाजूस. वर्षांतून दोनदां तरी आम्ही त्याच रस्त्यानें जात असूं. माझ्या मांडीवर चांचणीच्या उत्तरांच्या वह्या असत, त्याच्या हातांत तो खेळ. त्यानें मान वर करून कांहीं विचारलें तर 'थांब, एवढी वही होऊं दे' असें मी म्हणे. आणि तो खेळ नेला नसेल त्या दिवशीं 'गप्प बाहेर बघत बस' हें वाक्य मी शिक्षा म्हणून वापरीत असें. तो आतां परदेशांत असतो. मागच्या दिवाळींत आला तेव्हां कऱ्हाडच्या पुलावर त्यानें मला विचारलें, "बाबा, ही कुठली नदी?" तीस-चाळीस वेळां तो कोयनेवरून गेला असेल. पुढें कासेगांव येईपर्यंत मी कांहीं बोललों नाहीं.

तेव्हां मुलांना गाडींत खेळ हवा, याविषयीं माझा वाद नाहीं. वाद आहे तो कोणता खेळ, हा. पुरवणींतील लेखांत जे उपाय असतात त्यांची एक खूण अशी कीं, ते घरांत दिवाणखान्यांत बसूनहि करतां येतात. चित्रें रंगवा, कोडीं सोडवा, गोष्ट ऐकवा, चित्रपट लावा. ज्या खेळाला रस्ता लागत नाहीं तो प्रवासाचा खेळ नव्हे. तो वेळ मारण्याचा खेळ आहे, आणि मेलेला वेळ पुण्यांत मेला काय किंवा पेठनाक्यावर मेला काय, सारखाच.

खंबाटकी उतरल्यावर मुलाच्या हातचा टॅब्लेट गेला, आणि न्याय सर्वांस सारखा म्हणून मुलीच्याहि हातचा गेला. सुरूरचा फांटा येईपर्यंत गाडींत रुसव्याचें राज्य होतें. मीं कोणताहि खेळ सुचविला नाहीं. हें मुद्दाम सांगतों, कारण पुढें जें झालें त्याचें श्रेय माझें नाहीं, निखळ कंटाळ्याचें आहे. भुईंजपाशीं मुलगी पुढच्या गाड्यांच्या पाट्या मोठ्यानें वाचूं लागली. प्रथम केवळ आईला त्रास द्यावा म्हणून. मग तिनें विचारलें, "आबा, आपली गाडी एमएच बारा, मग या सगळ्या अकरा कशा?" मीं सांगितलें कीं, पुण्याचा क्रमांक बारा, साताऱ्याचा अकरा. "आणि कोल्हापूरचा?" नऊ. एक-दोन किलोमीटर ती गप्प होती. नंतर तिनें जो प्रश्न विचारला त्यासाठीं मी आठ टॅब्लेट ओवाळून टाकीन. ती म्हणाली, "मग दहा कुठंय?"

मी म्हणालों, "येईल."

येथून पेठनाक्यापर्यंतचा शंभर किलोमीटरचा रस्ता त्या मुलीनें दहाचा आंकडा शोधण्यांत काढला. वाटेंत एखाददुसरा चुकार दहा भेटे, पण तो तिनें पाहुणा ठरवून मोजला नाहीं. तिला दहाचें घर हवें होतें. कऱ्हाडपाशीं एकाएकीं पन्नास दिसूं लागले तेव्हां तिच्या सिद्धांतास मोठाच हादरा बसला. कऱ्हाडला मागाहून निराळें कार्यालय मिळालें, तोंपर्यंत पुढचे आंकडे संपले होते, असें मीं समजावलें. त्यावर, "मग साडेदहा द्यायचा होता," असा तिनें निकाल दिला. आणि परिवहन खात्यास तो विचारार्ह वाटावा असें माझें प्रामाणिक मत आहे. पुढें सांगली जिल्हा लागला, एकामागून एक दहा येऊं लागले, आणि तिनें अशी आरोळी ठोकली कीं पुतण्याचा हात चाकावर हलला. (गाडी चालविणाऱ्याला खेळांत घेऊं नये व त्याच्या कानाशीं ओरडूं नये, हा नियम आम्हीं त्यानंतर केला.) बारा, अकरा, दहा, नऊ: पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे रस्त्यावर याच ओळीनें उभे आहेत. मी त्या रस्त्यानें तीस वर्षें जात आहें. हें माझ्या ध्यानांत कधीं आलें नव्हतें.

माझ्या मनांत काय आहे तें या एका उदाहरणानें सांगून झालें आहे. पण भेंड्यांविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्यांच्या नांवाखालीं मोटारींतून जें चालतें त्यांत अन्याय आहे. गाण्यांच्या भेंड्या म्हणून जो प्रकार चालतो, त्यांत आई-बाप आपल्या महाविद्यालयीन दिवसांतील चित्रपटगीतें आळवीत असतात आणि मागें मुलें खिडकीच्या कांचेवर बोटें ओढीत असतात. ही मुलांची करमणूक नव्हे, पालकांचें स्मृतिरंजन आहे. त्यापेक्षां गांवांच्या नांवांच्या भेंड्या घ्याव्या, व त्याहि पाट्यांवर वाचलेल्या नांवांपासून सुरू कराव्या. त्यांतील गंमत अशी कीं, आमच्या महाराष्ट्रांतील निम्मीं गांवें जणू र या अक्षरापाशीं येऊन थांबतात: कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, चंद्रपूर, पंढरपूर. आणि र घेऊन सुटावें तर राजापूर, रावेर, रत्नागिरी, राहुरी हीं पुन्हां त्याच भोंवऱ्यांत आणून सोडतात. ज्या मुलाला रोहें ठाऊक आहे तें त्यांतून निसटतें, व समोरच्याला हिंगोली आठवेपर्यंत श्वास घेतें. मराठींत ळ व ण यांनीं आरंभ होणारे शब्द नाहींत, म्हणून ल व न घेण्याची सवलत परंपरेनें दिलेली आहे. पण ती मोठ्यांनीं आधींच जाहीर करूं नये. मूल पांच मिनिटें ळ घेऊन झगडूं द्यावें. आपल्या भाषेंत असें एक अक्षर आहे कीं, तें शब्दाच्या पोटांत शिरतें पण दारांत कधीं उभें राहत नाहीं, हा शोध ज्यानें स्वतः लावला तो तें जन्मभर विसरणार नाहीं. इंग्रज मुलांचा 'आय स्पाय' नांवाचा खेळ आहे. दिसणाऱ्या वस्तूचें पहिलें अक्षर सांगावयाचें आणि दुसऱ्यानें ती ओळखावयाची. आमच्या गल्लींत त्याचेंच पुढें 'डबा ऐसपैस' झालें असें म्हणतात. मोटारींत ऐसपैस असें कांहींच नसतें, म्हणून तेथें मूळचा इंग्रजी अर्थच बरा.

याच्या उलट टोंकाचे पालकहि मला भेटले आहेत, आणि त्यांची मला अधिक भीति वाटते. हे पडदा देत नाहींत. हे प्रश्नपत्रिका देतात. अमक्या राज्याची राजधानी कोणती, तमक्या देशाचें चलन काय, अशा पत्त्यांचे संच बाजारांत मिळतात व ते 'ज्ञानवर्धक' असतात. मी तीस वर्षें शिक्षक आहें; मुलाच्या चेहऱ्यावर ज्ञान वाढतांना कसें दिसतें हें मला थोडेंबहुत ओळखतां येतें, आणि या खेळांत तें दिसत नाहीं. सुटींत मोटारीच्या चार दारांच्या आंत पंतोजींशीं गांठ पडावी, आणि पळून जाण्याची सोय नसावी, याहून करुण प्रसंग कोणता? नऊ वर्षांच्या मुलीनें 'दहा कुठंय' हें विचारणें व बापानें 'सांगलीचा क्रमांक सांग पाहूं' असें विचारणें, यांत उत्तर एकच आहे. खेळ मात्र पहिल्याच ठिकाणीं आहे.

मग खेळाचा आरंभ कोठून व्हावा? माझें उत्तर पुष्कळांस आवडणार नाहीं. तो कंटाळ्यांतून व्हावा. मुलाला कंटाळा आला कीं, घरांत आग लागल्यासारखे आम्ही धांवतों. २०२० च्या टाळेबंदींत शाळाच पडद्यावर आली, तेव्हांपासून तर मुलाच्या हातांत पडदा नसणें ही आम्हांला उपासमार वाटूं लागली आहे. पण अर्धा तास कांहीं न घडणें ही मुलाच्या मनाची मशागत आहे. तेवढा वेळ त्याची कुरकुर सोसण्याचें धैर्य मात्र मोठ्यांजवळ पाहिजे. तें आमच्याजवळ नसतें, आणि खरी मेख येथेंच आहे. त्या दिवशीं मुलीनें पाट्या वाचावयास सुरुवात केली तेव्हां तिच्या आईच्या हातांत मोबाईल होता, माझ्याहि हातांत होता. मुलांना गुंतवून ठेवावें लागतें तें आम्ही स्वतः गुंतलेले असतों म्हणून. 'मग दहा कुठंय' याला 'येईल' एवढें एकच उत्तर पुरलें. पण तें देण्यासाठीं मान वर करावी लागली.

कांहीं प्रसंग मी मोकळ्या मनानें वगळतों. रात्रीचा प्रवास, अंगांत ताप असलेलें मूल, अपघातामुळें तीन तास खोळंबलेली वाहतूक, एकट्या आईनें गाडी चालवितां चालवितां मागें दोघांचें भांडण जुंपणें: अशा वेळीं जो पडदा हातीं लागेल तो द्यावा, व कोणाहि प्राध्यापकाचें ऐकूं नये. माझा आक्षेप औषधाला नाहीं. तें रोज दोन वेळां भाकरीऐवजीं वाढण्याला आहे.

आतां त्या पांच वर्षांच्या मुलाचें राहिलें. त्याला आंकडे दोनअंकी झाले म्हणजे नकोसे होतात. त्यानें पूल घेतले. भुईंजला कृष्णा लागली ती मीं त्याला दाखविली होती, एवढाच काय तो माझा हातभार. त्यापुढें वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा. दर पुलावर त्याचा एकच प्रश्न: "हिचं पाणी कुठं जातं?" आणि माझें एकच उत्तर: कृष्णेला. तारळीपासून तो मला उत्तर देऊं देईना; पूल दिसला कीं स्वतःच "कृष्णेला!" म्हणून गर्जना करी. सगळ्या नद्या उजवीकडून, डोंगरांतून येतात आणि डावीकडे जातात, हें बहिणीनें त्याला दाखवून दिलें. त्यावर दोघांचें थोडें भांडणहि झालें, कारण तें आधीं आपल्यालाच दिसलें होतें असें त्याचें म्हणणें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही परतलों. आतां डोंगर डाव्या हाताला होते; ही अदलाबदल त्याला फारशी पटली नाहीं, पण त्यानें ती चालवून घेतली. खंबाटकी मागें पडली, शिरवळ गेलें, आणि नीरेचा पूल आला. "कृष्णेला!" तो ओरडला. मीं सांगितलें, नाहीं. मध्यें हा घाटाचा डोंगर आडवा आला ना, त्याच्या पलीकडच्या कृष्णेला मिळाल्या, ही अलीकडची. ही नीरा, ही भीमेला मिळते. त्याचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा झाला. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "मग भीमा कुठं जाते?" पंढरपूरला, मी म्हणालों. "आणि तिथून?" तेथून पुष्कळ लांब, पार कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेपाशीं जाऊन ती कृष्णेला मिळते, हें मला कबूल करावें लागलें.

"म्हणजे माझं बरोबरच होतं," तो म्हणाला, आणि खिडकीकडे वळला. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहें. पण हें उत्तर मला चूक म्हणून कापतां आलें नाहीं.